हुंकार न देणारा माणूस

माझी सून पुण्यात कॉम्प्युटरचं काम करायची. नात झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि नात बोलायला लागल्यावर तिला परत नोकरी हवीशी झाली. मुलगा दिवसभर कामावर, आणि एकटीनं पोर सांभाळून अभ्यास होईना. म्हणून ती नातीला घेऊन आमच्याकडं लोहाऱ्याला आली. मी घरीच ब्लाउज शिवते. नात माझ्या मशीनजवळ चिंध्यांत तासन्‌तास रमते. चला, सोय झाली, एवढाच विचार मी तेव्हा केला.

मधली वर्षं घरी काढली की कंपनीवाले आधी त्यावरच बोट ठेवतात, असं ती म्हणायची. त्यांचं तोंड बंद करायचं तर मुलाखत चोख व्हायला हवी. ही मुलाखत फोनवरची किंवा समोरासमोरची नव्हे. समोरचा माणूस लॅपटॉपच्या पडद्यावर एक छोटं कोडं देतो. एखादा शब्द उलटा करून दाखवा, आकड्यांच्या रांगेत दोनदा आलेला आकडा शोधा, असलं काही. त्याचं उत्तर जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका भाषेत, लिहायचं. आणि लिहिता लिहिता आपल्या डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं बोलत राहायचं.

लिहिण्यात ती पटाईत. बोलण्यात मात्र गाडी अडायची. मुलानं फोनवर सुचवलं की कुणालाही समोर बसवून समजावत जा, त्याला कळलं नाही तरी चालेल. घरात असं माणूस मीच होते, तिची आत्या; आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

मग दुपारी नात झोपली की मी ब्लाउजांना हूक लावत बसायचे आणि ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बोलायची. आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. लूप म्हणजे काय, ॲरे म्हणजे काय, हे माझ्या कानांना सवयीचं झालं. एकदा तिनं सांगितलं की या जावास्क्रिप्टला नीट बजावलं नाही, तर ती आकड्यांचा क्रम लावताना दहाला दोनाच्या आधी बसवते. असल्याला कामावर ठेवतात तरी कशाला, असं मी विचारलं, तर ती हसून लोळायची बाकी राहिली.

मी शिवता शिवता हुंकार देत होते. आमच्याकडं सांगणारा सांगत असला की ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं, ही रीतच आहे. माझे वडील गोष्ट सांगताना एक हुंकार चुकला तरी थांबायचे आणि ‘झोपलीस व्हय?’ म्हणून विचारायचे. सुनेच्या माहेरी, जळकोटलाही तेच. त्यामुळं आमचं छान जमलं. तिचं एक वाक्य, माझं एक हं. कुठं हं आलं नाही तर ती मागं जाऊन तेच सोपं करून सांगायची. पंधरवड्यात तिची जीभ सैल झाली आणि मला वाटलं, काम फत्ते.

पहिली मुलाखत आतल्या खोलीत झाली. मी मशीन बंद ठेवून नातीला बाहेर खेळवत होते. दारातून तिचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. कधी कधी तेच वाक्य पुन्हा ऐकू यायचं. बाहेर येऊन तिनं नातीला कडेवर घेतलं. दोन दिवसांनी नकाराचा ईमेल आला.

संध्याकाळी भाकरी थापताना तिनं सांगितलं. त्या माणसानं प्रश्न दिला आणि स्वतःचा माईक बंद करून टाकला. तिकडं तशी पद्धतच असते म्हणे.

“आत्या, त्यानं एकदाबी हं म्हणलं न्हाय,” ती म्हणाली. “मला वाटलं, आपलं चुकतंय.”

म्हणून ती दर वाक्याला थांबली, परत तेच बोलली, आणि शेवटी बरोबर लिहिलेलं पुसून दुसरंच लिहू लागली. त्यानं माईक उघडला तो एकदाच, तिचं नेटवर्क तुटतंय का हे विचारायला. तोवर वेळ संपत आली होती.

मला हसू आलं, पण तिचं तोंड बघून मी ते गिळलं. तिला नोकरी हवी होती, आणि तिला येत असलेल्या प्रश्नावरच ती हातची गेली होती.

“उद्यापासनं माझ्याकडनं हं मिळणार न्हाय,” मी सांगितलं.

बोलले खरी, पण जमेना. न ठरवता तोंडातून हं निघायचं. शेवटी मी टाचण्या ओठांत धरून बसले. तर ती माझ्या मानेकडं बघू लागली, हलते का ते. मग मी तिच्या पाठीमागं बसले. पहिल्या दिवशी ती दोन वाक्यं बोलून वळली आणि म्हणाली, “आत्या, झोपलात व्हय?” टाचण्यांमुळं मला उत्तर देता येईना. मी तिचं डोकं धरून परत लॅपटॉपकडं फिरवलं.

आठवडाभर ती अडखळली, चिडली, एकदा तर लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात निघून गेली. मी जागेवरून उठले नाही. थोड्या वेळानं आपली आपणच परत आली. मग हळूहळू ती एक पायरी संपली की स्वतःच ‘बरं’ म्हणायला आणि पुढं जायला लागली. स्वतःचा हुंकार स्वतःच. मला ते आवडलं, पण टाचण्या तोंडात असल्यामुळं सांगता आलं नाही.

दुसऱ्या मुलाखतीला कंपनी वेगळी होती. मी नातीला मांडीवर थोपटत बाहेर बसले. आतून आवाज सलग येत होता. मध्येच तो थांबला, आणि थांबलेलाच राहिला. हं म्हणावंसं इतकं वाटलं की मी पदराचं टोक दातांत धरलं. मग आतून ऐकू आलं, “बरं.” आणि गाडी सुरू झाली.

ती नोकरी तिला मिळाली. नातीला घेऊन ती पुण्याला गेली, आणि माझ्या मशीनजवळच्या चिंध्या आता जागच्या जागी असतात. रात्रीच्या जेवणाआधी तिचा फोन येतो. ऑफिसात कोण काय म्हणालं, कुठलं काम अडलं, सगळं सांगते. फोन स्पीकरवर टाकून मी शिवत असते, आणि टाचण्या ओठांत धरायची सवय काही गेलेली नाही. दोन वाक्यं झाली की ती थांबते.

“आत्या?”

मी टाचण्या काढून ठेवते आणि हं म्हणते. मग ती पुढचं सांगते.