फ्रीजची चावी

काल माळ्यावर बर्फाचा जुना डबा सापडला आणि झाकण उघडताच दुधाचा आंबूस वास आला. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कॅन्सर फुप्फुसात पसरला तेव्हा पुण्याहून याच डब्यातून मी इंजेक्शनं आणायचो. आठवड्यातून पाच दिवस शिरूरची नर्स घरी येऊन ती द्यायची, मग दोन दिवस सुट्टी. गावात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून औषध दूध डेअरीच्या फ्रीजमध्ये ठेवलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की या औषधानं शरीराची प्रतिकारशक्ती पेटून उठते, थंडीताप येणारच. आला की मला कळवा, मनानं गोळी देऊ नका. पहिले दोन दिवस आबा गोधडीत कुडकुडले, तिसऱ्या दिवशी ना थंडी ना ताप. आबा म्हणाले, "दुधात पाणी घालणारा माणूस हाय त्यो डेअरीवाला. औषध तरी सोडलं आसंल का?" मलाही ते पटलं. डेअरीवर जाऊन चारचौघांत मी डेअरीवाल्याला विचारलं, बाटली उघडली होती का. त्यानं फ्रीजची चावी माझ्या हातावर ठेवली. घरी आलो तर आई आबांच्या चहात तापाची गोळी विरघळवत होती. "त्यांचं कुडकुडणं बघवत न्हाई रं," म्हणाली. मी डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं, पण आबांना नाही. आईसाठी त्यांचा संशय डेअरीवाल्यावरच राहू दिला. आबा गेले तेव्हा खांदा द्यायला तो सगळ्यांच्या आधी उभा होता. डब्याच्या तळाशी काल ती चावी निघाली. परत द्यायला जाऊन काय बोलायचं, ते अजून ठरत नाही.