शाळूची मुळं आडवी का वळली

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. वाईजवळच्या आमच्या रस्त्याकडेच्या रानात सगळा पावसाळा मिलिटरीच्या लॉऱ्या उभ्या होत्या... त्या गेल्यावर आम्ही रब्बी ज्वारीचा शाळू पेरला, तो गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला.

मालक फौजेत. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. आता माझी नव्वदी उलटलीय, हे नात टाइप करतेय, पण तो दिवस स्वच्छ आठवतो.

चुलतसासरे साक्षीला गावातली दोन माणसं घेऊन बांधावर आले. "सूनबाई, ह्ये रान मेलं. मला द्या, बदली माझं माळावरचं घ्या. अंगठा करा आन मोकळ्या व्हा."

मी सरळ घराकडे वळले. घरातून कुदळ आणली.

माझं माहेर कवठे महांकाळकडचं. पीक खुरटलं की तिकडे आधी खड्डा घेऊन माती बघतात. मी पदर खोचला आणि सगळ्यांसमोर खणायला लागले.

"वैनी, सुनंला आवरा!" चुलतसासरे सासूबाईंवर ओरडले. सासूबाई पुढे आल्या... आणि खाली बसून दोन्ही हातांनी माती बाहेर ओढायला लागल्या!

वरची वीतभर माती मोकळी होती. त्याखाली कुदळ ठण्णकन वाजली. ढेकळं फरशीसारखी चपटी, हाताने फुटेनात. शाळूची मुळं तिथवर सरळ उतरून चक्क आडवी वळली होती...

आम्ही तो थर फोडून आणखी खाली गेलो. तिथे ओल होती. मुठीत दाबलेली माती बोटाने सहज विस्कटली, आत एक गांडूळही वळवळत होतं.

"मामंजी, बघा. रान जित्तं हाय. लॉऱ्यांनी मधला थर दाबलाय, त्यो फोडायचा. आन मेलंच आसंल, तर तुमास्नी कशाला पायजे?"

सोबतच्या माणसांतला एक फस्सकन हसला. चुलतसासरे लालेलाल. "तुजा नवरा यिऊ दे, मग बघतो."

"येऊ द्या की. अंगठा मिळायचा न्हाई."

उन्हाळ्यात माझ्या भावाने लोखंडी नांगर आणि बैल आणून तो थर फोडला. भावकीने आमच्याशी बोलणं टाकलं, हळदीकुंकवालाही बोलावलं नाही... पण पुढचा शाळू माझ्या डोक्याच्या वर गेला.

सासूबाई त्या दिवशी नुसत्या उभ्या राहिल्या असत्या, तरी मी अंगठा दिलाच नसता. पण त्या खड्ड्यात मी एकटी पडले असते... त्यांचे ते मातीने भरलेले हात मी जन्मात विसरणार नाही.