माईंच्या खोलीचं तापमान

पुण्यात उन्हाळ्यात घर थंड ठेवण्यासाठी माणसं काय वाटेल ते करतात. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावतात, गच्चीवर पाणी मारतात, दुपारभर दारंखिडक्या लावून अंधारात बसतात. पण घर गरम करण्यासाठी जिवाचं रान करणारा माणूस ह्या शहरात आजवर एकच निघाला आणि तो बरोबर माझ्या घरासमोर राहायला होता. आमच्या घरात त्यांचं नाव कोणी घेत नसे. 'समोरचे' म्हटलं की भागायचं. 'समोरचे आलेत' एवढं ऐकलं की माझी बायको आधी दुधाचं पातेलं झाकायची, कारण एकदा गप्पा मारता मारता त्यांनी खिशातली तापमापी त्यात बुडवली होती आणि साय धरायला अजून अवकाश आहे असं सांगून ती रुमालाला पुसून परत खिशात ठेवली होती.

समोरचे एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेत. निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळा सुटली, पण प्रयोग सुटले नाहीत. कुठल्याही गोष्टीची तीन रीडिंगं घ्यायची आणि सरासरी काढायची, हा त्यांचा धर्म होता. आंबा पिकला का, हे ते एकट्याने हुंगून ठरवत नसत. एकदा स्वतः, एकदा काकू आणि एकदा रस्त्याने जाणारा कोणीही, अशी तीन नाकं झाल्याशिवाय आंब्याला सुरी लागत नसे. 'एका रीडिंगवर विसंबायचं असेल त्याने ज्योतिषी व्हावं,' असं ते म्हणायचे. ह्यावर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या होत्या, 'मला बघायलाही तीनदा येणार होते. माझ्या वडिलांनी दुसऱ्यांदा दार उघडलं नाही, म्हणून सरासरी राहिली.'

त्यांना एक थोरली बहीण होती. माई. आई लवकर गेल्यामुळे ह्यांना माईंनीच वाढवलेलं. माई कोकणात, रत्नागिरीकडच्या एका गावात एकट्या राहत. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. एका सकाळी त्या विहिरीपाशी घसरून पडल्या आणि शेजारीण पाणी न्यायला येईपर्यंत तिथेच पडून राहिल्या. हे कळल्यावर समोरच्यांनी त्यांना हट्टाने पुण्याला आणलं, ते नेमकं डिसेंबरात. बारा दिवस राहून माई परत निघाल्या. 'तुझं पुणं चांगलंच आहे रे, पण ही थंडी मला सोसायची नाही,' एवढं म्हणाल्या आणि एसटीत बसल्या.

दुसऱ्या कोणी असं वाक्य ऐकलं असतं तर त्याने मान हलवून सोडून दिलं असतं. निघणाऱ्या पाहुण्याला काहीतरी म्हणावंच लागतं. पण समोरच्यांनी ते वाक्य घरी येऊन नोंदवहीत लिहिलं, खाली लाल रेघ मारली आणि मला बोलावून सांगितलं, 'अडचण नेमकी काय आहे ते समजलंय. तापमान. आता उपाय शोधायचा.' बहीण परत येणं न येणं ह्या एका आकड्यावर अवलंबून आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. त्या वेळी मला हसू आलं होतं, हे कबूल करतो. पण माणूस रात्रंदिवस कोणासाठी तरी एवढी काळजी वाहतो आहे, हे दिसत होतं आणि त्यामुळे मला हसता आलं नाही.

माईंना जिना चढवत नसे, म्हणून घराच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर एक खोली वाढवायची ठरली. तिथे एक पत्र्याची पडवी होती आणि त्या पडवीत एक तांब्याचा बंब होता. घरात गीझर आल्यापासून बंबाला सुट्टीच होती. पडवी पाडली, बंब माळ्यावर गेला आणि खोलीचा पाया खणायला एक गवंडी आला. तो शहराला नुकत्याच लागलेल्या एका गावचा होता. समोरच्यांनी त्याच्यापुढे कागद पसरून आपली कल्पना समजावली: फरशीखाली नळ्या घालायच्या आणि त्यांतून गरम पाणी फिरवायचं. गवंड्याने सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि विचारलं, 'सायेब, एक इचारू का? हे घर हाय का चूल हाय?' मग नळ्यांना नकार देऊन म्हणाला, 'उद्या फरशीला ओल आली तर लोक म्हंतील, हे ह्याचं काम हाय.' नळ्या रद्द झाल्या. बाकी सगळं झालं. खिडक्यांना दुहेरी काचा आल्या, दाराच्या कडेला जाड लोकरी नमद्याची पट्टी आली आणि छताखाली फळ्या ठोकून वर लाकडाचा भुसा भरला गेला. पुण्यात एवढी बंदोबस्तातली खोली मी फक्त येरवड्याच्या भिंतीआड असेल असं समजत होतो.

आता खोली कशाने तापवायची, हा प्रश्न उरला. त्याला पुढचा अर्धा हिवाळा लागला आणि त्यात माझाही गेला. कारण माईंच्या जागी बसवून बघायला एक माणूस हवा होता आणि तो मी होतो. नोंदवहीत पट्टीने चार रकाने आखले होते: तारीख, बाहेर, आत आणि शेजारी. शेजारी म्हणजे मी. रोज सकाळी सहाला मी माईंच्या पलंगावर मफलर न घालता तासभर बसायचो. मग समोरचे तीनदा विचारायचे, 'कसं वाटतंय?' आणि मी जे म्हणेन ते त्या रकान्यात उतरवायचे. पहिल्यांदा कोळशाची शेगडी झाली. खोली इतकी घट्ट होती की माझं डोकं गरगरायला लागलं, तेव्हा काकूंनी येऊन दार सताड उघडलं आणि म्हणाल्या, 'आधी ह्यांना उठवा, मग सरासरी काढा.' मग सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, गुडघे शेकायच्या लाल दिव्यासमोर समोरचे तीन सकाळी जाऊन बसले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, 'आपल्याला होतंय काय?' हे म्हणाले, 'काही नाही.' डॉक्टर म्हणाले, 'मग होईपर्यंत घरी थांबा.'

तारेच्या हीटरसाठी आम्ही बुधवार पेठेत गेलो. तिथल्या दुकानात समोरच्यांनी हीटर लावायला सांगितला, स्टूल ओढून त्याच्यापुढे बसले आणि दर दहा मिनिटांनी तापमापी बघू लागले. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जात होती. दुसऱ्या दिवशीही आम्ही हजर. तिसऱ्या दिवशी दुकानदार शांतपणे म्हणाला, 'काका, तुमचं टपालही इथेच यायला सांगू का?' समोरच्यांना ह्यात खोच दिसलीच नाही. 'नको, आजचं शेवटचं रीडिंग आहे,' असं सांगून त्यांनी वेळ टिपून घेतली. तारेच्या हीटरने हवा कोरडी होते आणि माईंना खोकला आहे, म्हणून तो बाद झाला. गरम वारा सोडणारा पंखा आणला, तर त्याच्या आवाजात हाक ऐकू येत नव्हती. 'हा ठेवू या,' काकू म्हणाल्या, 'तुमच्या खोलीत लावते.' शेवटी एका परिचितांच्या परदेशातून परतलेल्या मुलाने आणलेला तेलाचा हीटर मिळाला. बिनआवाजी, धूर नाही, चटका नाही. तीन सकाळी मी त्याच्याशेजारी बसलो आणि तिन्ही वेळा मला झोप लागली. शेजारी ह्या रकान्यात तीनदा 'उत्तम' असं लिहून समोरच्यांनी मला मुक्त केलं आणि माईंना पत्र घातलं की आता थंडीचं कारण उरलेलं नाही.

कारणच काढून घेतल्यावर माई काय करणार? आल्या. बारीक चणीच्या, ताठ, नऊवारीतल्या. नोंदवहीत 'शेजारी' खोडून 'माई' असं लिहिलं गेलं. त्यांना खोलीत बसवलं, हीटर लावला आणि समोरच्यांनी घरातल्या सगळ्यांना एकच नियम घालून दिला: दार लावा. काकू चहा घेऊन आत गेल्या की मागून हाक यायची, 'दार लावा, ऊब जातेय!' मी भेटायला गेलो, तर पाच मिनिटांत दोनदा तेच. हळूहळू माणसं आत जायचीच कमी झाली. चहा आत, जेवण आत, गीझरचं गरम पाणी बादलीतून आत. माईंनी भाजी निवडायला मागितली की समोरचे म्हणायचे, 'तू उबेला बस.' तापमापी चोवीस अंशांवर होती आणि माई दोन शाली गुंडाळून पलंगावर बसल्या होत्या. 'कसं वाटतंय?' असं तीनदा विचारलं की तीनदा एकच उत्तर यायचं, 'थंडी आहे रे.'

समोरचे चक्रावून गेले. त्यांनी तापमापी बदलली. माईंच्या उशाशी एक, पायाशी एक आणि छताला एक टांगली. तिन्ही चोवीस. मला परत पलंगावर बसवलं, मला परत झोप लागली. दहाव्या दिवशी माई म्हणाल्या, 'रविवारची गाडी बघ माझी.' त्या संध्याकाळी समोरचे आमच्या ओट्यावर येऊन बसले. नोंदवही मांडीवर मिटलेली होती. 'आकड्यात कुठेही चूक नाही हो,' ते म्हणाले, 'तीनदा तपासलं. आणि ह्या खेपेला गेली की ती परत यायची नाही.' तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या खिशातून डोकावणारी तापमापीच बघत राहिलो.

शनिवारी पहाटे गीझर आणि हीटर एकदमच चालू राहिले आणि मोठा आवाज होऊन फ्यूज उडाला. वायर जळल्याचा वास सुटला. हीटर बंद, गीझर बंद, वायरमन सोमवारशिवाय यायचा नव्हता. काकूंनी जास्त चर्चा न करता माळ्यावरचा बंब खाली घेतला. मी हात द्यायला गेलो होतो. बंब मागच्या अंगणात, उघड्यावर ठेवला आणि समोरचे तो पेटवायला बसले. लाकडं कशी रचावीत ह्याचा त्यांनी विचार केला होता, पण धुराने केलेला नव्हता. तो सगळा त्यांच्या डोळ्यांत जात होता. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. माई दारात उभ्या होत्या.

'काय चाललंय रे मेल्या?'

'पाणी तापवतोय. तू आत जा, बाहेर अकरा अंश आहे.'

'अकरा असो नाहीतर बारा. सर बाजूला.' त्यांनी पदर खोचला, सगळी लाकडं काढली, माझ्याकडून नारळाची सोडणं मागवली आणि ती आत सारून एकच फुंकर मारली. बंब पेटला. मग पाटावर बसून त्या म्हणाल्या, 'आता एकेकाने बादली घेऊन यायचं. आधी शेजारी, त्यांना कचेरीत जायचंय. तू शेवटी. तू न्हाणीत तास लावतोस, लहानपणापासून बघतेय मी.' समोरचे निमूटपणे मागे उभे राहिले. पाणी तापेपर्यंत सगळे तिथेच बसलो. काकूंनी चहा तिथेच आणला. माई बंबात एकेक लाकूड सारत कोणाचं पाणी किती हवं ते ठरवत होत्या, गावच्या गोष्टी सांगत होत्या. त्यांच्या दोन्ही शाली आतल्या पलंगावर राहिल्या होत्या. समोरच्यांनी हळूच त्यांच्या पाटाशेजारी तापमापी ठेवली, वाकून बघितली, पुसली आणि परत ठेवली.

'माई, कसं वाटतंय?'

'बरं वाटतंय. लाकडं आण.'

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, गाडीच्या दिवशी, माई पाचलाच उठून बंबापाशी बसल्या होत्या. समोरच्यांनी गाडीची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, 'आणि तुम्हाला पाणी कोण देणार? वायरमन येऊ दे. पुढच्या रविवारी बघू.' तिसऱ्या दिवशी वायरमन आला, गीझर सुरू झाला, पण बंब तरीही पेटला. तिन्ही दिवसांचं रीडिंग अकरा, अकरा, दहा. तिन्ही दिवस रकान्यात 'बरं वाटतंय'. समोरच्यांनी ती पानं मला आणून दाखवली. 'चोवीसला थंडी आणि दहाला बरं. हे कुठल्याच नियमात बसत नाही.' काकू आतून म्हणाल्या, 'त्यांना थंडी बोचत नव्हती हो, पाहुणचार बोचत होता. मी पहिल्या दिवशीच सांगणार होते, पण एकाच रीडिंगवर तुमचा विश्वास कुठे बसतो?'

पुढचा रविवार पाच वर्षं आला नाही. बंबावर एक पत्र्याचं छप्पर झालं, त्याखाली माईंचा पाट झाला. आमच्या घरीसुद्धा गीझर होता, तरी मी बादली घेऊन जायचो, आणि माझ्यानंतर आणखी दोन घरांतली माणसं यायची. उशीर केला की माईंची बोलणी बसायची. तेलाच्या हीटरवर काकूंनी भरतकामाचं कापड घातलं आणि त्यावर रेडिओ ठेवला. मागच्या खोलीचं दार मी पुन्हा कधी लागलेलं पाहिलं नाही. समोरचे रोज सकाळी तापमान टिपायचे, माईंना तीनदा विचारायचे आणि माई तिसऱ्यांदा चिडून जे काही म्हणतील ते शब्दशः लिहायचे. एका पानावर 'डोकं खाऊ नकोस' असंही रीडिंग आहे.

माई वारल्या त्या हिवाळ्यानंतरच्या हिवाळ्यात मी एका सकाळी समोर धूर बघून गेलो. समोरचे एकटेच बंबापाशी बसले होते. तेवढ्या वर्षांत त्यांना तो पेटवता काही आला नव्हता. मी सोडणं सारली, फुंकर घातली. पाट रिकामा होता, म्हणून मी त्यावर बसायला गेलो, मग बाजूच्या विटेवर बसलो. नोंदवही उघडी होती. तारीख, बाहेर, आत, माई. चारही रकाने पट्टीने आखलेले. पहिले तीन भरलेले, चौथ्यात पानभर काहीच नव्हतं.

'हा रकाना आता कशाला आखता?' मी विचारलं.

'आखायची सवय आहे,' ते म्हणाले. मग तापमापी वर धरून, चष्मा सारखा करून त्यांनी आकडा बघितला. अकरा. 'तुम्हाला कसं वाटतंय?'

'बरं वाटतंय,' मी म्हणालो.

त्यांनी आणखी दोनदा विचारलं. मी आणखी दोनदा तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली, पेन्सिलीने अकरा हा आकडा लिहिला, चौथा रकाना तसाच ठेवला आणि वही मिटली. मग आम्ही दोघं पाणी तापेपर्यंत तिथेच बसून राहिलो.