साहेबांनी दिलेला आउट

"चल, बाहेर ये."

साहेब सीमारेषेबाहेर खुर्चीत बसले होते. बसल्या जागेवरून त्यांनी हात केला. कुत्र्याला बोलावतात तसा. मी मॅटवर उभा होतो. अंपायरनं नाबाद दिला होता. तरी.

जळगावला मेहरूण तलावाकडच्या मैदानावर मॅच होती. आमच्या सरकारी ऑफिसची टीम, समोर वकिलांची. मी ऑफिसात शिपाई. रविवारी सगळ्यांच्या आधी यायचं, मॅट अंथरायची, खिळे ठोकायचे, माठ भरायचा. मग पॅड बांधायचे. टीममध्ये होतो, कारण बॅट चालायची. सातपुड्याच्या पायथ्याला आश्रमशाळेत सागाच्या फळीनं खेळून हात बसला होता. पण आउट होऊन आलो की पॅड सोडायच्या आत कोणीतरी म्हणायचं, "अरे, चहाचं बघ."

त्या दिवशी बॉल आत आला आणि मांडीवर बसला. बॅटचा संबंध नाही. किपरनं पकडला, सगळे ओरडले. अंपायर म्हणजे एका शाळेतले ड्रिलमास्तर. त्यांनी मान हलवली. नाबाद.

वकिलांचा कॅप्टन चालत माझ्याजवळ आला.

"खरं सांग. लागला ना बॅटला?"

"नाही साहेब. मांडीला लागला."

तो हसला. मग आमच्या साहेबांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "साहेब, तुमचा भिल्ल खोटं बोलतोय बरं का!"

सगळे हसले. आमचेही.

साहेबांचं आणि त्या वकिलाचं घरी जाणं-येणं होतं. साहेबांनी हात केला तो तेव्हा.

"चल, बाहेर ये. खिलाडूवृत्ती म्हणून काही असते."

"साहेब, लागला नाही."

"मी सांगतोय ना?"

ड्रिलमास्तर जमिनीकडे बघायला लागले. मला दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसायचं होतं. गेलो.

मॅच संपल्यावर साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, "आमचा शिपाई बघा. अंपायरनं नाबाद दिला, तरी स्वतःहून बाहेर आला. गरीब आहे, पण प्रामाणिक आहे." टाळ्या पडल्या. त्याच वकिलानं माझ्या हातात स्टीलचा तांब्या दिला. मी घेतला. हात जोडले. आधी खोटारडा म्हणून बाहेर काढला, मग प्रामाणिक म्हणून बक्षीस दिलं. दोन्ही वेळा ठरवणारे तेच. मला कोणी विचारलं नाही.

घरी बायकोनं मांडीवरचा वळ बघितला. काळानिळा झाला होता.

"हाई काय व्हयनं?"

मी सगळं सांगितलं. ती तेल लावता लावता थांबली.

"बॅटले लागना म्हने! मंग हाऊ वळ तुमना आंगवर कसा?"

तिनं परत तेलात बोटं बुडवली.

"आनि तुम्ही काहीच बोलनात नही?"

तिनं तांब्या उचलला आणि चुलीमागे सारून दिला.

नंतर बँकवाल्यांशी मॅच झाली. साहेब बॅटिंग करत होते. बॉल बॅटची कड घेऊन किपरकडे गेला. आवाज असा, की झाडाखाली चहा गाळत होतो तिथं मला ऐकू आला. बँकेचे सगळे जण उड्या मारायला लागले. अंपायर आमच्याच खात्यातला. तो दुसरीकडे बघत राहिला. साहेबांनी मॅटवर बॅट आपटली, ग्लोव्हज ओढून नीट केले, आणि पुढच्या बॉलला तयार झाले. पुढं चांगल्या धावा केल्या. जिंकलो.

नंतर सावलीत सगळे बसले. मी कपबश्या फिरवत होतो. कोणीतरी हसत हसत तो विषय काढला. साहेब म्हणाले, "अंपायर कशाला ठेवलाय मग? बॅट्समननं स्वतःहून जायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा."

माझ्या हातात किटली होती. ती तशीच राहिली. तोंडापर्यंत शब्द आले. साहेब, मग मला का बोलावलं होतं? एवढंच विचारायचं होतं. शेजारी नाना बसले होते. आमचे हेडक्लार्क, पोक्त माणूस, टीमचे धावा लिहिणारे. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला.

"ऱ्हाऊ दे," ते हळूच म्हणाले. "चहा वत."

मी चहा ओतला.

त्यानंतर ऑफिसात माझं नावच पडलं. प्रामाणिक. कोणाचं पेन हरवलं, की "विचारा आपल्या प्रामाणिकाला." कोणाची छत्री सापडेना, की "प्रामाणिकाच्या घरी बघा." आणि हशा. साहेब पण हसायचे. मला राग यायचा, असं सांगितलं तर शूर वाटेन. खरं म्हणजे राग कमी. थकवाच जास्त. घरी जाऊन भिंतीला टेकून बसायचो. बायको जेवायला वाढायची, मी नुसता भाकरी कुस्करत राहायचो. माझं खरं काय, खोटं काय, ते दुसऱ्यांनी ठरवायचं. त्यावर त्यांनीच हसायचं. याचा कंटाळा आला होता. हाडांपर्यंत.

फायनल धुळ्याला होती. समोर धुळ्याच्या ऑफिसची टीम. आम्ही मॅटाडोरमधून गेलो. आत जागा कमी म्हणून मी मागे गुंडाळलेल्या मॅटवर बसलो. पारोळ्यापासून पुढं अंगभर धूळ.

आमच्या विकेटी भराभर पडल्या. शेवटी उरले साहेब आणि मी. मागे खेळणारा कोणी नाही. साहेबांना दम लागला होता, त्यामुळे धावा मीच काढत होतो. जिंकायला थोड्याच राहिल्या होत्या. सीमारेषेवर आमची माणसं उभी राहून ओरडत होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला माझ्या नावानं हाका मारल्या.

मग एक बॉल बाहेर निघाला. मी बॅट घातली. हलकासा लागला. आवाज नाही आला. पण हाताला कळतं. किपरनं पकडला. बोलरनं अर्धवट अपील केलं, त्यालाच खात्री नव्हती. अंपायरनं मान हलवली. नाबाद.

साहेब पलीकडून धावतच माझ्यापाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "थांब. हलू नको."

"साहेब, लागलाय."

"हळू बोल. अंपायरनं नाबाद दिलाय ना?"

"जळगावला पण नाबादच दिला होता, साहेब."

त्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांचा चेहरा बदलला. तसा चेहरा मी त्याआधी कधी बघितला नव्हता. कारण त्यांच्या चेहऱ्याकडे सरळ बघायची मला सवयच नव्हती.

"उभा राहा. मी सांगतोय."

मी ग्लोव्हज काढले, बॅट काखेत मारली आणि निघालो.

खिलाडूवृत्ती दाखवायला नाही गेलो. टाळ्यांसाठी नाही. साहेबांना धडा शिकवायचा, असंही नव्हतं. मला लागला होता, म्हणून मी गेलो. बस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या पायांनी, माझ्या मनानं मैदानाबाहेर येत होतो. धुळ्याची माणसं आधी गप्प झाली, मग नाचायला लागली. आमच्यातला एक जण माझ्या पायाजवळ थुंकला. नाना वहीवरून मान वर काढत नव्हते.

साहेब आले ते ओरडतच.

"माज आलाय तुला! सरकारनं नोकरी दिली, मी टीममध्ये घेतलं, त्याचे हे पांग फेडलेस? शेवटी जातीवर गेलास."

मी खिळे उपटायला लागलो. मॅट गुंडाळून होईपर्यंत मॅटाडोर निघून गेली होती. मॅट मैदानाच्या चौकीदाराकडे ठेवली आणि एसटीनं जळगावला आलो.

दोन-तीन दिवसांनी केबिनमध्ये बोलावणं आलं. नाना दाराशी भेटले. म्हणाले, "भाऊ, चूक झाली म्हन आन मोकळा हो. तोंडानं म्हनायले काय जातं?"

आत साहेब शांत होते. म्हणाले, "झालं ते झालं. माफी माग. पुढच्या रविवारी ये खेळायला."

"माफी कशाची, साहेब? आउट झालो त्याची, की निघून गेलो त्याची?"

"उलट बोललास त्याची."

"मग नाही मागणार."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. साहेबांनी बेल वाजवली. बेल ऐकून आत यायचं काम माझंच होतं, आणि मी तर समोरच उभा होतो. त्यांच्याही ते लक्षात आलं. शेवटी ते नुसतंच म्हणाले, "जा."

महिनाभरात बदली झाली. यावलच्या पुढं, डोंगराच्या अंगाला एक गोडाऊन होतं, त्याची राखण. बायको म्हणाली, "चला. आपलाच मुलूख शे." तिला बरं वाटावं म्हणून मी हसलो. खरं तर बरं काही नव्हतं. पुढं कोणत्याही टीममध्ये कोणी घेतलं नाही. खेळायची वर्षं तिथं सिमेंटच्या पोत्यांवर नजर ठेवण्यात गेली. गुडघे दुखतात आता. बढतीच्या वेळी मला कोणी विचारत नाही.

इथं कधी टीव्हीवर मॅच लागते. लोक वाद घालतात. बॅट्समननं स्वतःहून जावं की थांबावं. सभ्य माणसांचा खेळ, असं म्हणतात. मी त्यात तोंड घालत नाही. ज्यांना कधी कोणी हात करून बाहेर काढलं नाही, त्यांनी तो वाद खुशाल घालावा.

माझं ठरलेलं आहे. चूक माझी असेल तर कोणी सांगायची वाट बघणार नाही. नसेल, तर खुर्चीतल्या माणसानं कितीही हात करू दे, जागचा हलणार नाही. त्यानं अजून लांब बदली करावी. तिथंही मी हेच सांगेन. आणि या वेळी मोठ्यानं सांगेन.