रोकेने रंगवलेली चादर

रोके म्हणजे स्पेनमधल्या ग्रानादातला पाट्या रंगवणारा शेवटचा खरा कारागीर. त्याच्या हातची अक्षरं अजून दोन-तीन खाटकांच्या दुकानांवर टिकून आहेत. पण छापील पाट्या आल्या आणि त्याचा धंदा बसला. मग एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने पर्यटकांच्या एका स्वस्त हॉस्टेलात नोकरी धरली. काम काय, तर पाठीवर पिशव्या लादून आलेल्या पोरापोरींना रात्री चार बारमधून फिरवायचं. इथे प्रत्येक ग्लासाबरोबर खायला फुकट मिळतं, म्हणजे पोरांचं जेवणही त्यातच उरकतं.

आईला मात्र त्याने सांगितलं होतं, "हॉस्टेलच्या काउंटरवर बसतो, चाव्या देतो." पिवळा टीशर्ट घालून शिट्टी फुंकतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आई, अंगुस्तियास, एक्याऐंशीची. रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. गल्लीत बार निघाल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मे महिन्यात शेजाऱ्यांनी बाल्कन्यांवर निषेधाच्या चादरी टांगायचं ठरवलं, तेव्हा तिने रोकेला बोलावलं.

"तुझ्यासारखं अक्षर कोणाचंय? लिही, आम्हालाही झोप हवी."

"एवढंच?"

"पुढच्या शिव्या मी तोंडाने देईन."

रोकेने जीव ओतून लिहिलं. लाल अक्षरं, मागे काळी सावली. आपण फिरवतो ती पोरं नदीपलीकडे असतात, अशी त्याने मनाची समजूत घातली.

जुलैत नदीपलीकडचा एक बार बंद पडला. हॉस्टेलच्या मालकाने नवा ठरवला, तो नेमका आईच्या गल्लीत. रोकेने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "बरं" म्हणून बसला.

शुक्रवारी तेवीस जण होते. गल्लीच्या कोपऱ्यावर त्याने शिट्टी खिशात टाकली, ओठांवर बोट ठेवलं. पोरांना तो खेळच वाटला. सगळे एकमेकांना मोठमोठ्याने गप्प करू लागले. एकीने चादरीचा फोटो काढला, दोघांनी गाणं सुरू केलं. धडाधड खिडक्या उघडल्या.

"मेल्यांनो, तुम्हाला आया नाहीत का रे?" समोरचा एलादिओ ओरडला.

आई पाण्याची बादली घेऊन बाल्कनीत आली. ओतायला उचलली, आणि दिव्याखालच्या पिवळ्या टीशर्टात तिला आपला मुलगा दिसला.

"ओत ना गं, अंगुस्तियास! वाट कसली बघतेस?" एलादिओ म्हणाला.

तिने बादली खाली घेतली. कुंड्यांना हळूहळू पाणी घातलं, आत गेली आणि त्या उकाड्यात दार लावून घेतलं. बादली डोक्यावर आली असती तर बरं झालं असतं, असं रोकेला वाटलं. इतकी लाज त्याला धंदा बसला तेव्हाही वाटली नव्हती.

रविवारी तो जेवायला गेला. आईने मसुरांचा रस्सा वाढला. जेवण झाल्यावर तिने चादर आणून टेबलावर पसरली.

"उन्हाने लाल उडालाय. पुन्हा दे."

"आई, मी तुला सांगणारच होतो..."

"काळा टिकलाय बघ."

"त्यांना मागच्या गल्लीतून नेईन. शपथ."

"मागच्या गल्लीत काय, माणसं झोपत नाहीत?"

रोकेने ब्रश रंगात बुडवला. आईने चादरीचं टोक ताणून धरलं.

"आज किती जण आहेत?" तिने विचारलं.

"एकतीस."

"मग अक्षरं जरा जाड काढ."