बिनवायरीचं मशीन आणि लाल माठाचा वाफा

लग्नाला सातच महिने झालेत, पण सासरचे किस्से इतके साठलेत की वैभववाडीहून माझ्या आईचा फोन आला की ती आधी विचारते, "बरी आसंस मा?" आणि माझं 'होय' पुरतं व्हायच्या आत, "आणि त्या मशीनचा काय झालां?"

मशीन म्हणजे गवत कापायचं, बॅटरीवर चालणारं. मालवणजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. पाहुण्यांच्या फोटोत हिरवळ दिसायला हवी, म्हणून माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, सासूबाईंचा लाल माठाचा वाफा काढून तिथे लॉन लावलं. लॉन वाढलं, मशीन आलं, आणि सोमवारी बटण दाबलं तर ढिम्म!

सासूबाईंनी, म्हणजे इथल्या आईंनी, तिथल्या तिथे जाहीर केलं, "शनवारपर्यंत ह्यां चालू झालां नाय, तर सगळां लॉन खणून मी भाजी पेरतलंय."

शनिवारी पुण्याचे पाहुणे येणार होते.

*

पहिले आले बाबलकाका. गावातले सगळ्यात जुने वायरमन. हातात टेस्टर. मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, उलटं करून पाहिलं, परत सुलटं केलं.

"वायर खंय आसा?"

"वायर नायच!" बाबा अभिमानाने म्हणाले. "तीच तर गंमत!"

बाबलकाकांनी टेस्टर खिशात घातला. "मगे वायरमनाक कित्याक बोलावलास?"

चहा मात्र घेतला. दोन कप.

*

मंगळवारी प्रसादने, माझ्या नवऱ्याने, निदान केलं: बॅटरी चार्ज झाली नसेल. चार्जर पडवीत लावला आणि तो कामावर गेला. संध्याकाळी येऊन पाहतो तर बॅटरी जशीच्या तशी, मेलेली!

आमच्या घरात आईंच्या नजरेसमोर कुठलंही बटण विनाकारण चालू राहू शकत नाही. जाता-येता त्यांचा हात आपोआप भिंतीकडे जातो.

"कोणी बंद केल्यान?" बाबा कडाडले.

"थंय माणूस नाय, मगे बटण चालू कित्याक?"

"बॅटरी आसा थंय!"

"बॅटरी म्हंजे माणूस काय?"

बुधवारी सकाळी बाबा चार्जरशेजारी खुर्ची टाकून, पेपर घेऊन बसले. तीन तास. आंघोळीला जाताना प्रसादने विचारलं, "बाबा, हंय कित्याक बसलास?"

"माणूस म्हणून!"

*

बॅटरी भरली. मशीन ढिम्मच. मग बाबांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बाबा निवृत्त शिक्षक. घरात अस्सल मालवणी, पण फोनवर अनोळखी माणूस आला की थेट पाठ्यपुस्तक!

"नमस्कार. आमचे यंत्र कार्यान्वित होत नाही."

पलीकडच्या मुलीने विचारलं, "सर, सेफ्टी की लावली आहे का? हँडलजवळ एक छोटी प्लास्टिकची चावी असते."

बाबांनी पाहिलं. भोक होतं, चावी नव्हती. त्यांनी आईंकडे पाहिलं.

"कपाटात आसा," आई शांतपणे म्हणाल्या. "उघड्यार चावी कोण ठेवता? पाटल्यांच्या डब्यात घातलंय."

बाबा फोनमध्ये म्हणाले, "चावी सुरक्षित आहे, मॅडम. इतकी, की मशीन चालत नाही!"

*

चावी लावूनही मशीन गप्प. गुरुवारी बाबांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मशीन मध्ये, आम्ही चौघं भोवती.

"बा देवा म्हाराजा! ह्या यंत्राक कोणाची नजर लागली असात, कोणाचो पाय आडवो पडलो असात, तर तो बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

आम्ही म्हणजे मी आणि प्रसाद. आईंचे हात जोडलेले होते, तोंड मात्र मिटलेलं. त्यांनी आपलं वेगळं गाऱ्हाणं आधीच घातलं असावं.

*

मी या घरात दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलते. उरलेल्या वेळात वाचते. शुक्रवारी दुपारी कोकमं वाळत घालताना मशीनचं माहितीपुस्तक वाचलं. त्यात लिहिलं होतं, बॅटरी बसते त्या खोबणीतल्या पितळी पट्ट्या स्वच्छ आणि कोरड्या हव्यात.

झाकण उघडून पाहिलं. पट्ट्या लालभडक! मशीन आलं त्या दिवशी बाबांनी त्याची पूजा केली होती, आणि बॅटरी म्हणजे मशीनचं काळीज म्हणून कुंकवाची ओली बोटं नेमकी तिथेच लावली होती. आता ते वाळून कडक झालं होतं.

आता आली का पंचाईत! सांगावं, तर आईंचा वाफा कायमचा जातो. न सांगावं, तर बाबांचं लॉन. मी तासभर कोकमंच सारखी करत बसले. पण मशीनसमोर हात जोडून उभे राहिलेले बाबा डोळ्यांसमोरून हलेनात. शेवटी त्या दिवसाचं माझं चौथं वाक्य बोलले, "बाबा, कुंकू जरा जास्त झालां."

बाबा दुखावले. "देवाक कधी जास्त होता काय?"

आतून आईंचा आवाज आला, "देव बॅटरीर चलता काय?"

जुन्या टूथब्रशने पट्ट्या मीच घासल्या. मशीन पहिल्या झटक्यात घुमलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आई कळशी उचलून विहिरीवर गेल्या.

*

शनिवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गवत कापायला उतरले. सरळ पट्टे, कडेला डौलदार वळण. आई पायरीवर बसून बघत होत्या. मी नारळ खवत होते.

विहिरीच्या बाजूला गवतातून हातभर लांबीची लाल रांग वर आलेली होती. माठाचं जुनं बी मातीत राहिलं असणार. बाबा मशीन ढकलत तिथपर्यंत आले आणि थांबले. मग मशीन बंद करून ते ओढत पायरीशी आणलं.

"तितक्यां कित्याक सोडलास?" आईंनी विचारलं.

"बॅटरी संपली गो," घाम पुसत बाबा म्हणाले.

बॅटरीवरचे चार्जिंग दाखवणारे चारही दिवे हिरवेगार पेटलेले होते. मी पाहिले. आईंनीही वाकून नीट पाहिले.

"मगे ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या.