मधल्या खोलीचं बटन

नागपूरच्या नंदनवन वस्तीत आम्ही एक जुनं घर विकत घेतलं. त्याच्या विजेच्या फिटिंगला एक विचित्र खोड होती. बटनानं करंटची तार तोडायची, हा साधा नियम. आमच्या घरात बटन दुसरीच, ठंडी म्हणजे न्यूट्रलची तार तोडायचं. म्हणजे बटन बंद केलं की दिवा विझायचा, पण करंट होल्डरपर्यंत येऊन उभाच असायचा. आधीच्या मालकानं कोणा अर्धवट माणसाकडून काम करून घेतलं होतं. वायरमननं मला विझलेल्या दिव्याच्या होल्डरला टेस्टर लावून दाखवलं. टेस्टर पेटला.

हा वायरमन आमच्याच वस्तीतला, पंचविशीचा पोरगा. मला भाऊ म्हणायचा, बायकोला वहिनी. पहिल्या दिवशी त्यानं समोरची खोली सुलटी केली, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर. मधली खोली तिसऱ्या दिवसावर ठेवली.

त्याच दुसऱ्या दिवशी हिंगण्याला कारखान्यात मशीन बिघडलं आणि मी दुपारीच घरी आलो. दारातच बायकोचं हसणं ऐकू आलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. तो बशीतून चहा पीत कोणाच्या तरी घरच्या फिटिंगचा किस्सा सांगत होता.

"मंग काय वहिनी, बुढी जवा संडासाचा लाईट लावे, तवा समोरची घंटी वाजे! साऱ्या मोहल्ल्याले समजे, बुढी गेली म्हणून!"

मला वाटलं, मलाच हसत आहेत. भिंतीला टेकवलेली लाकडी पट्टी मी उचलली आणि पहिला फटका त्याच्या तोंडावर दिला. बशी फुटली. ओठ फाटला. "भाऊ, काय झालं? भाऊ!" प्रत्येक फटक्याला तो एवढंच म्हणत होता. बायको मधे आली तर तिलाही हाणलं. तिला त्याआधीही मी मारलं होतं, तेही इथं लिहून ठेवतो. ती स्वयंपाकघरात जाऊन पडली. त्याला मी कॉलर धरून अंगणापर्यंत ओढत नेलं.

फाटकाशी तो थांबला. थुंकला, सगळं रक्तच.

"भाऊ, मारलं ते मारलं. पण मधल्या खोलीचं राहिलं आहे. बटन बंद केलं तरी तिथं करंट राहते. दुसऱ्याले बोलावून पहिले ते करून घ्या. तवापर्यंत कूलर लावू नका."

"निघ बे," मी म्हणालो.

हे आम्हा दोघांशिवाय कोणी ऐकलं नाही. दुसरा वायरमन आणावा, तर तो विचारणार, आधीचा काम सोडून काहून गेला? बायकोला सांगावं, तर त्याचं नाव माझ्या तोंडी येणार. मी गप्प राहिलो.

मे महिन्यात ऊन सोसेना, तेव्हा मधल्या खोलीच्या खिडकीत मीच कूलर लावला. नागपुरातल्या बाईला शिकवावं लागत नाही: आधी कूलरचं बटन बंद करायचं, मगच टाकीत पाणी ओतायचं. बायको त्यात कधी चुकली नाही. पंधरा दिवस काही झालं नाही. मला वाटलं, तो उगाच भेवाडून गेला.

मग कूलरची मोटर आतून उतरली, तिचा करंट पत्र्यात यायला लागला. त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, मी घरीच होतो. तिनं बटन बंद केलं, बादली उचलली, टाकीचा पत्रा धरला आणि तिथंच चिकटली. तोंडातून आवाजही निघेना. मेन स्विच पार समोरच्या खोलीत. मी लाकडी पाट उचलून तिच्या मनगटावर मारला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा हात सुटला. तळवा जळाला होता. दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत.

गल्ली गोळा झाली. "कोणं केलं हे फिटिंग?" मी त्या वायरमन पोराचं नाव सांगितलं. म्हणालो, "अर्धवट सोडून पळाला."

समोरच्या घरात एक ट्रक मेकॅनिक राहतो. माझी बायको त्याला भाऊजी म्हणते. त्यानं मोठा पाना उचलला. आठ-दहा जणांनी वायरमनला जेवणाच्या ताटावरून ओढत आणलं. मी पण दोन लाथा घातल्या.

"म्या सांगतलं होतं!" तो ओरडत होता. "भाऊले विचारा, म्या सांगतलं होतं!"

सगळे थांबले. मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं. "सांगतलं होतं काय गा यानं?"

"नाही. खोटं बोलून राहिला."

त्याचा उजवा हात पायरीवर दाबून धरला गेला. पाना तीनदा पडला. हाडाचा आवाज सुक्या काटकीसारखा असतो म्हणतात. तसा नसतो, ओला असतो. तिसऱ्या घावानंतर तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

त्याची बहीण त्याला खापरखेड्याला घेऊन गेली. त्या हातात पुन्हा पकड धरली गेली नाही, असं कळलं. पोलिसात कोणी गेलं नाही. त्यानंतर मी कोणावर हात उगारला नाही. लोक मला शांत माणूस समजतात.

बारा वर्षं गेली. दर उन्हाळ्यात पहिल्यांदा कूलर भरताना बायको त्या वाकड्या बोटांकडे बघून म्हणायची, "मेल्याचा हात मोडला तेच बरं झालं." यंदाही म्हणाली. आणि या वेळी मी सगळं सांगितलं.

तिनं बादली खाली ठेवली. "म्हणजे बारा वर्षं मी भलत्याच माणसाले शिव्या देऊन राहिली?"

"हाव."

तिनं ओला हात पदराला पुसला. मग म्हणाली, "त्याच्याकडे जाऊ, मी पण येते. पण त्याले जिथं खोटं ठरवलं, पहिले तिथं सांगा."

मेकॅनिक ओट्यावर बसला होता. मी म्हणालो, "त्या पोरानं मले सांगतलं होतं. मी खोटं बोललो."

तो आधी हसला. "जाऊ दे ना गा. काहून उकरून राहिला?" मग हसू गेलं. त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उठला आणि माझ्या तोंडावर ठोसा मारला.

"मी तुले विचारलं होतं ना बे! पाना हातात धरून विचारलं होतं ना!"

मी खाली पडलो. तो पोटात लाथा घालत होता आणि तेच तेच विचारत होता. मी हात आडवा केला नाही. शेजारीपाजारी बाहेर आले. बायको आमच्या फाटकात उभी होती, तिनं बराच वेळ पाहिलं. मग ती रस्ता ओलांडून आली.

"पुरे करा भाऊजी," ती म्हणाली. "ह्यायले चालता आलं पाहिजे. उद्या खापरखेड्याले न्यायचं आहे."